रेंज गेली म्हणून जीपीएस जात नाही

मोबाइलची रेंज गेली की ‘जीपीएस गेला’ असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर जातो तो नकाशा, कारण ॲप तो इंटरनेटवरून तुकड्यातुकड्याने आणत असतं. उपग्रहाच्या संकेताला सिमकार्डाशी काही देणंघेणं नाही. म्हणून बाईकसाठी वेगळं जीपीएस यंत्र घ्या किंवा फोनच वापरा, पूर्ण नकाशा आत साठवता येतो का, हे आधी पाहा.

उपग्रह आपल्याला शोधत नसतो. आपण आहोत हेही त्याला ठाऊक नसतं. सुमारे २०,२०० किमी उंचीवरून तो एवढंच सांगत राहतो : मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने आपल्यापर्यंत यायला साधारण ०.०७ सेकंद लागतात. लागलेला वेळ कळला की अंतर कळलं. गोम आहे ती घड्याळात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे घड्याळ एका मायक्रोसेकंदाने (हजार नॅनोसेकंदांनी) चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकणार! उपग्रहात अणुघड्याळ असतं, हँडलवरच्या यंत्रात साधं क्वार्ट्झ. मग जमतं कसं? अज्ञात राशी चार : अक्षांश, रेखांश, उंची आणि आपल्या घड्याळाची चूक. चार अज्ञातांना चार समीकरणं लागतात, म्हणून किमान चार उपग्रह. स्थान काढता काढता आपलं स्वस्त घड्याळही दुरुस्त होतं, ही या रचनेतली सगळ्यात सुंदर गोष्ट.

आता दरी आणि उंच इमारती. तिथे संकेत भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि यंत्र त्या प्रतिध्वनीला खरा संकेत समजतं. संकेतातल्या कोडची एक ‘चिप’, म्हणजे त्या कोडचा सर्वांत लहान तुकडा, नेहमीच्या एल-१ या वारंवारतेच्या पट्ट्यावर सुमारे २९३ मीटर लांब असते, एल-५ वर सुमारे २९ मीटर. ६० मीटर जास्त फिरून आलेला प्रतिध्वनी एल-१ मध्ये मूळ संकेतात मिसळून जातो. एल-५ मध्ये तो वेगळा ओळखू येतो. म्हणून दोन्ही पट्टे वापरणाऱ्या ‘ड्युअल बँड’ यंत्राला जास्त पैसे मोजणं पटण्यासारखं आहे. ‘सिग्नल बूस्टर’ म्हणून विकले जाणारे स्टिकर मात्र शुद्ध फसवणूक : ज्यात वीज नाही, असा कागदाचा तुकडा संकेत वाढवणार कुठून?

अचूकतेपेक्षा बाईकवर जास्त त्रास देतात ते ऊन, पाणी आणि थरथर. भर उन्हात वाचायला पडद्याची उजळता १,००० निट्सच्या (निट हे उजळतेचं एकक) आसपास हवी, आणि हातमोजे घालूनच पडदा चालवून पाहावा. पाण्यापासूनच्या संरक्षणाचं आयपीएक्स-७ हे प्रमाण म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, पण यूएसबीचं झाकण उघडं असेल तर हे प्रमाणपत्र कामाचं नाही. फोनच्या कॅमेऱ्यात चित्र स्थिर ठेवणारी भिंग-यंत्रणा इंजिनच्या सततच्या थरथरीने बिघडू शकते. ॲपलने २०२१ मध्ये तसा इशाराच दिला होता. फोनच लावायचा असेल तर थरथर शोषणारा माउंट हवाच. शिवाय लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं धोक्याचं, म्हणून उन्हात तापलेला फोन चार्जिंग थांबवतो आणि पडदाही मंद करतो.

वायरिंगमध्ये एक चूक फार होते. कन्व्हर्टर (बाईकच्या बॅटरीची वीज चार्जिंगजोगी करणारा) थेट बॅटरीला जोडला आणि तो नुसता बसून २० मिलिअँपिअर खात असला, तर पंधरा दिवसांत ७.२ अँपिअर-तास संपतात. ८ अँपिअर-तासांची बॅटरी मग स्टार्टर फिरवत नाही. जोडणी रिलेमार्फत (रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच), किल्ली फिरवल्यावरच सुरू होणारी असावी, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

घरी बसून आखलेला मार्ग जीपीएक्स फाइलमधून (मार्ग साठवायचा फाइलचा प्रकार) यंत्रात टाकताना ‘रूट’ आणि ‘ट्रॅक’ यांची गल्लत करू नका. ट्रॅक ही ठरलेली रेघ. यंत्र ती बदलत नाही. रूटमध्ये मोजकेच बिंदू असतात आणि त्यांच्यामधला रस्ता यंत्र आपल्या आवडीने पुन्हा काढतं, त्यामुळे निवडलेला छोटा रस्ता सुटून महामार्ग समोर येतो. उपाय साधा : प्रत्येक महत्त्वाच्या वळणानंतर १००-२०० मीटरवर एक बिंदू द्या. अगदी चौकात देऊ नका, आणि नकाशा मोठा करून तो नेमका रस्त्यावर आहे ना ते बघा. बिंदू शेजारच्या गल्लीत पडला असेल, तर यंत्र तिथे नेऊन यू-टर्न घ्यायला लावेल.