उणे अडीचची रेघ : बायकांच्या हाडांची मोजणी कशी सुरू झाली

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा कागद हातात आला की सगळ्यांची नजर एका आकड्यावर जाते, टी-स्कोअरवर. आपल्या हाडांची घनता तरुण, निरोगी स्त्रियांच्या सरासरीपासून किती दूर आहे, हे तो सांगतो. तो उणे १ च्या वर असला तर ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मधे असला तर घनता कमी. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ झाल्याचे निदान. ही रेघ १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासगटाने आखली आणि ती आखताना समोर होती गोऱ्या स्त्रियांची आकडेवारी. आज तीच रेघ आपल्याकडच्या आई-मावशींच्या अहवालावरही लागते, म्हणून तिचा इतिहास जाणून घ्यायला हवा.

उतारवयात खुब्याचे हाड मोडते, हे वैद्यांना पूर्वीपासून माहीत होते. लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२२ च्या सुमारास लिहून ठेवले की वयाबरोबर हाडाची बाहेरची भिंत पातळ होते, आतले जाळे विरळ होते आणि खुब्याजवळचे हाड बायकांमध्ये जास्त मोडते. स्ट्रासबर्गचे जाँ लॉबस्टाइन यांनी पुढच्या काही वर्षांत अशा सच्छिद्र हाडांना ऑस्टिओपोरोसिस हे नाव दिले. त्यानंतर शंभरेक वर्षे या विषयाकडे कुणी फारसे वळून पाहिले नाही. बाईच्या पाठीला बाक आला, उंची घटली, मनगट मोडले, तर ते वयाचे मानले जाई आणि विषय तिथेच संपे.

तो पुन्हा उघडला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या फुलर ऑलब्राइट यांनी, १९४० च्या सुमारास. साठीच्या आतबाहेरच्या ज्या रुग्णांचे मणके दबलेले होते, त्यांत पाळी गेलेल्या स्त्रियाच फार मोठ्या संख्येने आहेत हे त्यांच्या लक्षात आले. शस्त्रक्रियेत अंडाशय काढल्यामुळे अकाली पाळी गेलेल्या बायकाही त्यांत होत्या. ऑलब्राइट यांनी बोट ठेवले ते इस्ट्रोजेन या संप्रेरकावर. ते कमी पडल्यामुळे नवे हाड तयार होत नाही, असे त्यांना वाटले. पुढे कळले की मुख्य गडबड उलट बाजूची आहे. आपल्या शरीरात जुने हाड खरवडून काढणाऱ्या आणि नवे भरणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करत असतात. खरवडणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा वचक असतो. पाळी गेल्यावर तो वचक सुटतो आणि भरणे मागे पडते. म्हणजे कारणाचा तपशील त्यांना नीट लागला नव्हता, पण दिशा अचूक होती. बायकांची हाडे का मोडतात याचे उत्तर ‘वय झाले’ एवढ्यावर न थांबता शोधले गेले, याचे मोल मला फार वाटते. १९७६ मध्ये ग्लासगोच्या रॉबर्ट लिंडसे आणि सहकाऱ्यांनी अंडाशय काढलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन देऊन हाडांची झीज रोखता येते हे दाखवले.

आता अडचण उरली मोजण्याची. साध्या एक्स-रेत झीज दिसेपर्यंत हाडातले सुमारे ३० टक्के खनिज गेलेले असते. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन कॅमेरॉन आणि जेम्स सोरेन्सन यांनी किरणोत्सारी आयोडीनचा बारीक झोत हातातून पलीकडे पाठवून हाडातले खनिज मोजले. पण ते यंत्र हातापुरतेच चालायचे. ज्यांच्या मोडण्याने बाई अंथरुणाला खिळते ते मणके आणि खुबा नीट मोजता येऊ लागले ते १९८७-८८ मध्ये डेक्सा यंत्र आल्यावर. यात दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे एक्स-रे वापरतात, तपासणी काही मिनिटांत होते आणि किरणांची मात्रा फारच थोडी असते.

यंत्र आले, पण किती घनता म्हणजे कमी, हे ठरायचे होते. त्यासाठी १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या, जॉन कॅनिस यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या अभ्यासगटाने तरुण, निरोगी स्त्रियांची सरासरी आधाराला घेतली आणि तिच्याखाली अडीच प्रमाण विचलनांवर (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत, त्याचे हे माप) रेघ ओढली. पाळी गेलेल्या गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के त्या रेघेखाली येत होत्या. मूळ हेतू होता लोकसंख्येत हा आजार किती आहे याचा अंदाज घेण्याचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हाडांची झीज रोखणाऱ्या अ‍ॅलेंड्रोनेट या औषधाला मंजुरी मिळाली, तपासणीची यंत्रे झपाट्याने वाढली आणि लोकसंख्येसाठी आखलेली रेघ एकेका बाईचे निदान ठरवू लागली. रेघेच्या वर असलेल्या पुष्कळ बायकांचीही हाडे मोडतात, हे त्या घाईत मागे पडले. २००८ मध्ये शेफिल्डहून आलेल्या फ्रॅक्स या गणनपद्धतीने ती उणीव थोडी भरून काढली. वय, वजन, आधीचे फ्रॅक्चर, आई-वडिलांचा मोडलेला खुबा, स्टिरॉइडची औषधे असे सगळे जमेस धरून पुढच्या दहा वर्षांतला धोका ती सांगते. तिची भारतीय आवृत्ती मात्र सिंगापूरमधल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या आकड्यांवर बेतलेली आहे.

आपल्याकडे चित्र किती वेगळे आहे ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या वीणा शत्रुघ्न आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले. गरीब वस्तीतल्या, ३० ते ६० वर्षांच्या २८९ स्त्रिया त्यांनी तपासल्या. त्यांच्या आहारात दिवसाला सरासरी जेमतेम २७० मिलिग्रॅम कॅल्शियम होते आणि २९ टक्के जणींच्या खुब्याची घनता उणे २.५ च्या रेघेखाली होती. पाळी अजून न गेलेल्या बायकाही या अभ्यासात होत्या. यात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. डेक्सा हाडाची जाडी मोजत नाही, सपाट क्षेत्रफळावर हिशेब करते, त्यामुळे लहान चणीच्या बाईचे हाड आहे त्याहून विरळ दिसते. पण चण लहान का राहिली, हा प्रश्न शेवटी ताटापाशीच येतो. या बायकांच्या बाबतीत झीज ही दुसरी पायरी आहे, मुळात हाड पुरते भरलेच नव्हते. भारतात प्रौढांसाठी कॅल्शियमची शिफारस कितीतरी वर्षे दिवसाला ४०० मिलिग्रॅम होती, २०१० मध्ये ती ६०० झाली आणि २०२० मध्ये १०००, पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ती भाकरी गव्हा-तांदळामुळे ताटातून मागे सरली, हे कोकणात आणि घाटावर कुणाला वेगळे सांगायला नको.

हाड भरणे किती लवकर सुरू होते, याचा पुरावा पुण्याजवळच्या गावांतून आला आहे. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ पासून सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास चालू आहे. २००६ मध्ये त्यातून दिसले की ज्या आयांनी गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियमयुक्त अन्न जास्त वेळा खाल्ले, त्यांच्या मुलांची हाडे सहाव्या वर्षी अधिक भरीव होती.

अमेरिकेतली शिफारस २००२ पासून अशी आहे की पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची घनता मोजावी, आणि धोका असेल तर त्याआधी. भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. आपल्याकडे होतात ती टाच यंत्रात ठेवून करायची मोफत शिबिरे. टाचेची अल्ट्रासाउंड तपासणी धोक्याची कल्पना देऊ शकते, पण उणे २.५ ची रेघ डेक्सासाठी आहे. टाचेच्या आकड्यावरून निदान करणे किंवा गोळ्या सुरू करणे चूक आहे.

शिवाय वयाची अट आपल्याकडे फार उशिराची ठरते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रीच्या चार-पाच वर्षे आधी. बीड जिल्ह्यात तर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंडाशयही काढले असेल तर हाडांची झीज त्याच दिवसापासून सुरू होते, आणि राखले असले तरी ते वेळेआधी थकू शकते. ऑलब्राइट यांनी अकाली पाळी गेलेल्या बायकांबद्दल सांगितले त्याला आता ऐंशी वर्षे उलटून गेली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईला पासष्टीपर्यंत थांबवून चालणार नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांत तिच्या हाडांची मोजणी यायला हवी, आणि डेक्सा यंत्र तिच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात असायला हवे.