लेनवरचं न दिसणारं तेल

खेळपट्टीवरून वाद घालायला नागपूरकरांना कोणी शिकवावं लागत नाही. २००४ साली सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर खेळपट्टीवर गवत राहिलं आणि ऑस्ट्रेलियाने ३४२ धावांनी कसोटी जिंकली. २०१५ मध्ये जामठ्याला चेंडू असा वळला की दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला आणि आयसीसीने खेळपट्टीवर ‘खराब’ असा शेरा मारला. दोन्ही वेळा खेळपट्टी निदान डोळ्यांना दिसत तरी होती. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन आपण मॉलमधल्या टेनपिन बोलिंगच्या, म्हणजे बॉल गडगडत सोडून दहा पिना पाडायच्या खेळाच्या, लेनवर उभे राहतो, तिथेही खेळ खेळपट्टीच ठरवते. ती दिसत नाही, कारण ती तेलाची असते.

फाउल लाइनपासून (बॉल टाकताना ओलांडायची नसते ती रेषा) पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट लांब आणि साधारण साडेतीन फूट रुंद असते. लेनवरून एक यंत्र फिरवतात. ते सुरुवातीच्या सुमारे ४० फुटांवर खनिज तेलाचा थर देतं आणि उरलेले २० फूट जवळजवळ कोरडे ठेवतं. एका लेनला तेल लागतं साधारण २५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे. तेवढं तेल साडेबारा चौरस मीटरवर पसरलं की थराची सरासरी जाडी दोन मायक्रॉन भरते, मिलिमीटरचा पाचशेवा भाग. सव्वासात किलोपर्यंतचा बॉल कुठे वळणार हे एवढासा थर ठरवतो, आणि या खेळातली हीच गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. मुळात तेल लावायचे ते लाकडी लेनची झीज थांबावी म्हणून. आता बहुतेक लेन कृत्रिम पृष्ठभागाच्या झाल्या, तरी तेल राहिलं, कारण तोवर सगळा खेळ त्याच्यावरच बेतला गेला होता.

तेल नेमकं काय करतं ते आकड्यांत बघू. तेलकट भागात घर्षणाचा गुणांक ०.०४ च्या आसपास धरतात, कोरड्या भागात ०.२, म्हणजे पाचपट. समजा बॉल सेकंदाला ८ मीटर वेगाने, अजिबात फिरकी न देता सोडला. सुरुवातीला तो गडगडत नाही, नुसता घसरत जातो. घर्षण त्याला मागे ओढतं आणि त्याच वेळी फिरवायलाही लागतं. घसरणं संपून तो पुरता गडगडू लागतो, तेव्हा त्याचा वेग मूळ वेगाच्या ५/७ उरलेला असतो. लेन तेलाची असो की कोरडी, हा ५/७ बदलत नाही. बदलतो तो तिथवर पोचायला लागणारा वेळ. पूर्ण कोरड्या लेनवर साधारण १.२ सेकंद पुरतात, आणि ८ मीटरवरच बॉल गडगडू लागतो. पूर्ण तेलकट लेनवर ५.८ सेकंद लागतील, पण पिनपर्यंतचा प्रवासच अडीच सेकंदांच्या आत संपतो. म्हणजे असा बॉल पिनवर आदळेल तोही घसरत घसरतच.

आता बॉलला बाजूची फिरकी द्या. बॉल घसरत असतो तोवर घर्षणाचं बल तिरकं लागतं आणि साध्या गणितात त्याची दिशाही बदलत नाही. एकाच दिशेने सतत लागणारं बल म्हणजे मार्ग अन्वस्त, ज्याला आपण पॅराबोला म्हणतो. तेलावर हे बल इतकं कमी की वळण जेमतेम जाणवतं. कोरडा भाग आला की तेच बल पाचपट होतं आणि बॉल झपकन आत वळतो. यालाच हुक म्हणतात. पुढे गडगडणं सुरू झालं की मार्ग पुन्हा सरळ. या वळणामुळे बॉल पिनांत सुमारे सहा अंशांच्या कोनात शिरला, तर स्ट्राइकची, म्हणजे पहिल्याच बॉलवर दहाही पिना पडण्याची, शक्यता सर्वांत चांगली. उजव्या हाताच्या खेळाडूच्या आदर्श स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त १, ३, ५ आणि ९ या क्रमांकांच्या चार पिनांना लागतो. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात.

मग मॉलमधला आपला बॉल का वळत नाही? मनगटाला दोष देण्याआधी बॉलकडे बघा. तिथे ठेवलेले बॉल बहुधा पॉलिएस्टरचे असतात, कडक आणि गुळगुळीत. ते तेलावरून सरळ निघून जातात. स्पर्धेत खेळणारे रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचं आवरण असलेला बॉल वापरतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या या आवरणात सूक्ष्म छिद्रं असतात आणि ती तेल शोषून घेतात. आतला गाभाही मुद्दाम असा घडवलेला असतो की फिरताना बॉलचा अक्ष हळूहळू सरकत राहावा. त्यामुळे प्रत्येक फेरीला पृष्ठभागाचा नवा, कोरडा पट्टा लेनला टेकतो.

पकड जितकी जास्त तितकं चांगलं, असं मात्र नाही. तेल भरपूर असेल तर खरखरीत घासलेला बॉल उपयोगी. तोच बॉल कमी तेलाच्या लेनवर फार लवकर वळतो आणि पिनांपाशी पोचेपर्यंत त्याची धार गेलेली असते. तिथे चकाकी दिलेला बॉल बरा.

तेल सगळीकडे सारखंही नसतं. हौशी खेळाडूंसाठीच्या लेनवर ते मधोमध जास्त आणि कडांना कमी लावतात. बॉल थोडा बाहेर गेला तर कोरडा भाग त्याला परत आत आणतो, आत गेला तर तेल त्याला फार वळू देत नाही. स्पर्धेसाठीचे काही थर कडेपासून कडेपर्यंत बरेचसे समान असतात, आणि तिथे ही मदत मिळत नाही.

शिवाय प्रत्येक बॉल थोडं तेल उचलून नेतो. खेळ चालू असतानाच वापरातली वाट कोरडी होत जाते. तासाभरापूर्वी बरोबर बसणारा बॉल आता आधीच वळू लागतो आणि पहिल्या पिनच्या पलीकडे जातो. तेव्हा उजव्या हाताच्या खेळाडूने उभं राहायची जागा थोडी डावीकडे घ्यावी, म्हणजे बॉलला अजून तेल शिल्लक असलेली वाट मिळते. उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ वर असला तरी हॉल थंड ठेवावा लागतो, त्यालाही तेलाचं एक कारण आहे. तापमान वाढलं की तेल पातळ होतं आणि बॉलखाली त्याचं वागणं बदलतं. पुढच्या वेळी बॉल परत आला की पुसण्याआधी त्याच्यावरची तेलाची कडी बघा. ती कुठे उमटली आहे यावरून बॉल कोणत्या अक्षावर फिरला ते कळतं.