पार्श्वभूमी: गोल मांडलेल्या खुर्च्या

गटोपचार म्हणजे एकाच दुखण्याच्या माणसांनी गोल बसून, एकमेकांशी बोलत सावरणे; त्याची ही पार्श्वभूमी. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले हे गोमंतकीय धर्मगुरू १८१३ मध्ये पॅरिसला लोकांसमोर संमोहनाचे प्रयोग करत. संमोहकाच्या हातात कसलीही शक्ती नसते, जे घडते ते समोरच्याच्या मनातून घडते, असे ते सांगत. आल्तिनोवरचे मनोरुग्णालय पुढे त्यांच्याच नावाने ओळखले गेले; त्यातूनच १९८० साली आज बांबोळीला असलेली मनोविकार संस्था उभी राहिली. फारियांचा गटोपचाराशी थेट संबंध नाही. पण बरे करणारे बळ एकट्या वैद्यापाशी नसते, हे गटात बसलेला प्रत्येक जण अनुभवतो.

गटोपचाराची सुरुवात टंचाईतून झाली. बॉस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट यांच्याकडे क्षयाचे गरीब रुग्ण येत. आरोग्यधामाचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता आणि एकेकाला वेगळा वेळ देणे डॉक्टरांना जमणारे नव्हते. म्हणून १९०५ मध्ये प्रॅटनी त्यांचा आठवड्याचा वर्ग सुरू केला. विश्रांती किती घेतली, ताप किती होता, हे रुग्ण वहीत लिहून आणत. वजन वाढलेल्याला पाहून शेजारच्याला धीर येई. एकाच दुखण्याने बांधलेली ही माणसे एकमेकांना सावरतात, हे प्रॅटना तिथे दिसले. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मनाने खचलेले सैनिक खूप होते आणि डॉक्टर थोडे. बियॉन आणि फोक्स या मनोविकारतज्ज्ञांचे गटांवरचे काम तिथे आकाराला आले.

व्यसनाची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते, कारण तिची सुरुवात डॉक्टरने उपचार करण्यातून झालीच नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये, धंद्यातला व्यवहार फिसकटलेला एक शेअर दलाल पुन्हा दारूकडे वळण्याच्या बेतात होता. स्वतःला थोपवण्यासाठी त्याने आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधला, आणि तो निघाला एक शल्यविशारद. त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे पूर्ण नाव न सांगता एकमेकांना दारूपासून दूर ठेवणाऱ्यांचे गट, उभे राहिले. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी तसेच गट, अल-अ‍ॅनॉन, १९५१ मध्ये आले. ते आणखी आधी यायला हवे होते. पिणाऱ्यापायी घर किती वर्षे गप्प राहते, हे तावेर्नच्या, म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या, वाटेवर राहणाऱ्या कुठल्याही गोंयकाराला सांगावे लागत नाही.

आपल्या देशात अमृतसरचे डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले. तिथेही मनुष्यबळ अपुरेच होते. नातेवाईक एकत्र बसत, एकमेकांचे ऐकत. आपल्याच घराला शाप लागलेला नाही, हे शेजारच्या तंबूत दिसे. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, आणि व्यसनमुक्तीचा हा रस्ता मराठी घरांच्या ओळखीचा झाला.

गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या संगथ या संस्थेने वेगळी वाट धरली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशनाचे शिक्षण देऊन तिने त्यांना आरोग्य केंद्रांत बसवले. नैराश्य आणि दारू यांवरच्या या कामाचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. हे समुपदेशन एकेकट्याशीच होते. मात्र समुपदेशक स्वतः गटाने बसून एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठका ऐकत आणि कुठे काय चुकले ते सांगत. गट इथे शिकवण्यासाठी वापरला गेला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

गोव्यासारख्या लहान मुलखात अडचण मात्र वेगळीच आहे. वाड्यावर सगळे सगळ्यांना ओळखतात. गटाच्या बैठकीत खुर्ची ओढून बसावे तर समोर शेजारच्या घरचा माणूस, नाहीतर मुलाचे मास्तर. इथे नाव न सांगून काय लपणार? म्हणून ‘इथले बोलणे इथेच राहील’ हा नियम बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने म्हणावा लागतो, आणि तो पाळला जातो असे दिसल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. काहींना त्याला महिने लागतात. तोवर ते नुसते येऊन बसतात, चहा घेतात, ऐकतात. गट त्यांना तसे बसू देतो.