हेडस्टॉक का गेला, फ्रेट का तिरके झाले

दोन-अडीच लाखांची हेडलेस (टोकाला हेडस्टॉक नसलेली) मल्टिस्केल (तारांची लांबी वेगवेगळी, म्हणून फ्रेट तिरके असलेली) गिटार घ्यायला जो जातो, त्याला ही एकच गोष्ट असल्यासारखी विकली जाते. खरं तर हे दोन निरनिराळ्या माणसांनी दोन निरनिराळ्या दुखण्यांवर काढलेले इलाज आहेत. दोघांमध्ये दहाएक वर्षांचं अंतर होतं, आणि हे इलाज एकाच वाद्यात नांदायला लागेपर्यंत आणखी वीस वर्षं गेली. आपल्याला यातलं नेमकं कुठलं दुखणं आहे, हे कळलं की अर्धी खरेदी झाली म्हणायची.

हेडस्टॉक, म्हणजे गिटारच्या नेकच्या (मानेच्या) टोकाचा तारा आवळायच्या खुंट्यांचा भाग, उडवला नेड स्टाइनबर्गरने. तसं त्याच्या आधी न्यूयॉर्कमध्येच ॲलन गिटलरने सत्तरच्या दशकात निव्वळ स्टीलच्या दांड्यांची, सांगाड्यासारखी गिटार बनवली होती आणि तिलाही डोकं नव्हतं. पण ती वाजवण्यापेक्षा पाहण्याचीच वस्तू ठरली. आज तिचा एक नमुना तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. स्टाइनबर्गरचं तसं नव्हतं. त्याचे वडील जॅक स्टाइनबर्गर हे भौतिकशास्त्रज्ञ, पुढे 1988 चे नोबेल मानकरी. मुलगा मात्र ब्रुकलिनमध्ये फर्निचर डिझाइन करायचा. त्याच जागेत स्टुअर्ट स्पेक्टर बेस गिटार बनवत होता. त्याच्यासाठी नेडने 1977 च्या सुमाराला शरीराला बेतशीर बसेल असा वक्र बेस आखून दिला, आणि तिथून तो या नादाला लागला.

बेस वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेली कटकट म्हणजे गळ्यात अडकवलेल्या बेसचं तोंड जमिनीकडे जातं. लांबलचक नेक, त्याच्या टोकाला लाकडाचा हेडस्टॉक आणि त्यावर चार जड ट्यूनर, म्हणजे त्या खुंट्या. डावा हात वाजवायचा सोडून नेक सावरत बसतो. नेडने ट्यूनर उचलून बॉडीच्या मागच्या टोकाला नेले. मग पुढच्या टोकाला काही कामच उरलं नाही, म्हणून तेही गेलं. दुसरं दुखणं लाकडाचंच होतं. लाकडी नेक स्वतःही कंप पावते आणि काही स्वर गिळते. त्या जागांना वादक डेड स्पॉट म्हणतात. त्यावर त्याने लाकूडच काढून टाकलं आणि कार्बन फायबर व इपॉक्सीचा साचा केला. हाच एल-टू बेस. 1980 च्या सुमारास त्याची कंपनी उभी राहिली आणि 1981 मध्ये टाइम साप्ताहिकाने वर्षातल्या उत्तम डिझाइनमध्ये त्याला जागा दिली. नेक इतकी ताठ की तिला ट्रस रॉडची, म्हणजे नेक वाकू नये म्हणून आत घालतात त्या सळईची, गरज नव्हती. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ज्यांची गिटार दरवर्षी वाकते, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

मागोमाग गिटारही आली. रश बँडचा गेडी ली बेस वाजवत होता, ॲलन होल्ड्सवर्थ आणि एडी व्हॅन हेलन गिटार. ट्रान्सट्रेम नावाच्या ब्रिजची (बॉडीवर तारा जिथे अडकतात त्या भागाची) दांडी ओढली की सगळ्या तारा सुरात राहून एकत्र चढायच्या-उतरायच्या, आणि हव्या त्या पट्टीत तो ब्रिज लॉकही करता यायचा. असा चोख यांत्रिकपणा त्यानंतरही फार थोड्यांना साधला आहे.

तरी नव्वदच्या दशकात ही वाद्यं एकदम जुनाट दिसू लागली. 1987 मध्ये कंपनी गिब्सन या गिटार कंपनीकडे गेली होती. संगीताची हवा बदलली, लोक पुन्हा जुन्या लाकडी गिटारकडे वळले आणि काळी, वल्ह्यासारखी स्टाइनबर्गर म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरची बहीण वाटायला लागली. मला मात्र फॅशनपेक्षा तारांचं कारण मोठं वाटतं. या गिटारला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागायच्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तार तुटली आणि गावातल्या दुकानात ती मिळाली नाही, तर कार्बन फायबरचा काय उपयोग?

आता फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. कॅलिफोर्नियातला राल्फ नोव्हाक गिटार दुरुस्तीतला जाणता कारागीर. त्याने तिरक्या फ्रेटच्या बोर्डाचं पेटंट 1989 मध्ये मिळवलं. कल्पना त्याची एकट्याची नव्हे: इंग्लंडात सोळाव्या-सतराव्या शतकांत ऑर्फेरियन नावाचं धातूच्या तारांचं वाद्य होतं, त्यालाही फ्रेट तिरके असायचे. लंडनच्या फ्रान्सिस पामरने 1617 मध्ये बनवलेलं एक कोपनहेगनमध्ये जपलेलं आहे. तत्त्व आपल्याला स्वरमंडळात दिसतं: खर्जाच्या तारा लांब, वरच्या आखूड. गिटारने मात्र सगळ्या तारांना एकच लांबी दिली आणि फरक निव्वळ जाडीवर भागवला. फेंडरची ठरावीक लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सनची पाऊण इंच कमी. नोव्हाकचं म्हणणं सरळ होतं की जाड तारेला फेंडरसारखी लांब आणि बारीक तारेला गिब्सनसारखी आखूड लांबी द्या. मग फ्रेट पंख्यासारखे पसरणारच. जॅझ गिटारवादक चार्ली हंटर याने नोव्हाकची आठ तारांची गिटार घेऊन बेस आणि गिटार एकाच वेळी वाजवायला सुरुवात केली. कॅनडाच्या शेल्डन डिंगवॉलने हेच तत्त्व बेसला लावलं. ही मंडळी मूठभरच होती.

मूठभरांचे पुष्कळ झाले ते मेटल संगीतामुळे. 1990 मध्ये आयबानेझ कंपनीने गिटारवादक स्टीव्ह व्हायसाठी सात तारांची गिटार बाजारात आणली, पुढे कॉर्नसारख्या बँडनी तिचा खालचा बी सुर कानाकोपऱ्यात पोचवला, आणि स्वीडनचे मेशुगाह आठ तारांवर गेले. इथे गणित आडवं येतं. सहा तारांच्या गिटारचा खालचा ई 82 हर्ट्झ, सात तारांचा बी 62. तीच तार, तीच लांबी ठेवून ई वरून बी वर उतरवली की ताण जवळपास 56 टक्क्यांवर येतो. तार दोरीसारखी लोंबते. जाड तार घाला, तर ती कडक होते, सूर मातकट येतो आणि वरच्या फ्रेटवर बेसूर. लांबी साडेपंचवीसवरून सत्तावीस इंच केली तर ताण 12 टक्के वाढतो. म्हणजे लांबीने सगळं सुटत नाही, पण जाडी थोडी कमी ठेवता येते आणि त्या थोड्यानेच आवाज उघडा येतो. सगळ्याच तारा लांब केल्या तर वरची बारीक तार चिरकी होते आणि तुटते. म्हणून पंखा.

या दोन वाटा एकत्र बांधल्या त्या ओला स्ट्रँडबर्गने. हा स्वीडनच्या उप्सालाचा इंजिनिअर. 2007 मध्ये छंद म्हणून पुन्हा गिटार बनवायला बसला आणि प्रत्येक तारेला स्वतंत्र ब्रिज-ट्यूनर अशी आपली यंत्रणा आखली. नोव्हाकचं पेटंटही साधारण त्याच सुमारास संपत आलं होतं. स्ट्रँडबर्गच्या रचनेत साधी तार चालते, ही त्यातली सगळ्यात व्यवहारी गोष्ट. तारेची गोळी ब्रिजमध्ये अडकवायची, दुसरं टोक नेकच्या टोकाच्या छोट्या ठोकळ्यातून ओढून ॲलन कीने स्क्रू आवळायचा, उरलेली तार पकडीने कापायची आणि मागची खरबरीत गोंडी फिरवून सुरात आणायची. नेकच्या पाठीला गोलाईऐवजी सपाट पैलू दिले. अंगठ्याला टेकायला ठोस जागा मिळते. ॲनिमल्स ॲज लीडर्स बँडचा तोसिन अबासी, ऑस्ट्रेलियाचा प्लिनी असे वादक ती घेऊन मंचावर आले आणि मग ओळच लागली. होल्ड्सवर्थसाठी हेडलेस बनवणारी कार्विन कंपनी पुढे गिटारपुरती कीझेल झाली आणि तिने या घाटाच्या कितीतरी गिटार काढल्या. पोलंडमध्ये मेयोनेस आणि स्केर्वेसेन या कंपन्यांनीही. 2021 मध्ये आयबानेझने क्यू मालिका आणली.

आयबानेझचं उदाहरण खरेदीदाराने नीट पाहावं. क्यूएक्स मॉडेलवर फ्रेट तिरके दिसतात, पण सगळे एकमेकांना समांतर. लांबी सगळ्या तारांना सारखीच. तिरकेपणा मनगटाच्या सोयीसाठी. दुकानात लांबून पाहून मल्टिस्केल आहे असं समजून विकत घेणारे फसतात ते इथे.

माझं मत विचाराल तर सहा तारांवर साधं ट्यूनिंग वाजवणाऱ्याने मल्टिस्केलसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. स्ट्रँडबर्गच्या सहा तारांच्या बोडेन मॉडेलवर लांबी 25 ते 25.5 इंच, ताणातला फरक चार टक्के. तेवढा तारांचं गेज (जाडी) बदलून मिळतो. आठ तारांना मात्र 26.5 ते 28 इंचांचा पसारा खरोखर कामाचा आहे. कुठला फ्रेट सरळ ठेवलाय तेही बघून घ्यावं: तो नटच्या (नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) जवळ असला तर पहिल्या फ्रेटवरचे कॉर्ड सोपे जातात आणि वरचे फ्रेट जास्त तिरपे होतात, बाराव्याजवळ असला तर उलट.

हेडलेसचं तसं नाही. त्याचा फायदा तारा किती यावर अवलंबून नसतो. अडीच किलोच्या आसपासचं, तोंड न झुकवणारं वाद्य पाठदुखीवाल्याला सहा तारांतही हवंच असतं, आणि गर्दीच्या लोकलमध्ये ते उभं धरता येतं हा आपल्याकडचा वरकड नफा. गैरसोयी किरकोळ: भिंतीवरच्या हुकाला लटकत नाही, क्लिपचा ट्यूनर लावायला जागा नाही.

गैरसोयींपैकी एकच मला गंभीर वाटते. ब्रिज-ट्यूनर प्रत्येक कंपनीचे आपापले असतात. स्वस्त मॉडेलवर ते मऊ धातूचे येतात, आटे झिजतात आणि जाड तारेला गोंडी बोटांनी फिरेनाशी होते. महागड्या गिटारची किंमत बरीचशी या भागात जाते, लाकडाच्या नक्षीत नव्हे. पैसे देण्याआधी सगळ्यात जाड तार दोन सुर खाली उतरवून पुन्हा वर चढवून बघावी, आणि सुटा भाग लागला तर तो भारतात कोण देतं हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.