शेंगाचटणी बंद, पण टोस्ट चालू : सोलापुरातल्या हृदयाच्या पथ्याची पार्श्वभूमी

साठी ओलांडली, बीपी-शुगर आहे किंवा एकदा छातीत दुखून गेलंय, अशा माणसाला सोलापुरात घरचे पहिलं काय सांगतात तर "शेंगा बंद". भाकरी-आमटी ठेवतात, शेंगदाण्याची चटणी उचलतात. ज्येष्ठांच्या खाण्याच्या सवयी बदलायच्या म्हटलं की आपल्याकडं गाडी नेमकी इथंच अडकते.

जुनं थोडक्यात सांगतो. १९६१ ला अमेरिकेत हृदयाचा धोका असलेल्यांनी सॅच्युरेटेड फॅट (लोणी-मांसातली घट्ट होणारी चरबी) कमी करावं असा सल्ला निघाला, १९६८ ला त्यात कोलेस्टेरॉल दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत आणि अंड्याचे बलक आठवड्याला तीन, अशी मापं आली. सल्ला होता लोणी, चीज, मांस रोज खाणाऱ्यांसाठी. आपल्याकडं येईस्तोवर त्याचं "तेलकट वाईट" झालं, आणि तेल शेंगांतून निघतं म्हणून शेंगा वाईट. आता शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, वनस्पतीच्या कुठल्याच दाण्यात ते हिशेबात घेण्याइतकं नसतं, आणि शेंगदाण्यातलं बहुतेक तेल अनसॅच्युरेटेड, म्हणजे पातळच राहणारं असतं. अमेरिकेनं तो ३०० चा आकडा २०१५ च्या शिफारशीत काढून टाकला, पण आपल्या घराघरातली बंदी काही उठली नाही.

मला वाटतं याचं मूळ "पथ्य" या शब्दात आहे. जुन्या वैद्यकात पथ्य म्हणजे शरीराच्या वाटांना अपाय न करणारं आणि शिवाय मनालाही रुचणारं. म्हणजे पथ्य हे खायचं होतं, टाळायचं ते अपथ्य. अजूनही आपण एखादी गोष्ट "पथ्यावर पडली" म्हणतो तेव्हा ती फायद्याची ठरली असाच अर्थ असतो. पण बोलण्यात अर्थ पार उलटा झालाय, "अण्णांना भाताचं पथ्य आहे" म्हणजे अण्णा भात खात नाहीत. त्यामुळं दवाखान्यात कुणी "पथ्य पाळा" म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात काय काय बंद करायचं त्याची यादी करतो, काय वाढवायचं हे विचारतच नाही. दुसरा घोळ म्हणजे मुदतीचा. पथ्य म्हणजे काविळीचं, टायफॉइडचं, महिना-दोन महिन्यांचं, मग सुटतं. हृदयाचं खाणं तर जन्मभराचं, पण आज्जी तिसऱ्या महिन्यात विचारतेच, "आता सुटलं का पथ्य?" आणि सुटलं असं तिनं धरलं तर तिची चूक नाही, शब्दच तसा वापरलाय आपण.

याच्या जोडीला "हलकं खा". हलकं म्हणजे आपल्या डोक्यात पांढरा भात, रवा, साबुदाणा, चहात बुडवलेला टोस्ट, आणि जड म्हणजे ज्वारी, मटकी, हुलगा. दात गेलेल्या माणसाला कडक भाकरी चावत नाही हे खरंय, पण ती आमटीत किंवा ताकात भिजवून खायची रीत आपलीच आहे. ती मागं पडली आणि बेकरीचा पुडा आला, त्यात मैदा, साखर आणि वर्षानुवर्षं वनस्पती तूप. या तुपातलं ट्रान्स फॅट, म्हणजे तेल कारखान्यात घट्ट करताना तयार होणारी चरबी, हृदयाला सगळ्यात वाईट, आणि तेल-तुपात त्यावर देशात २ टक्क्यांची मर्यादा यायला जानेवारी २०२२ उजाडलं. तोवर शेंगा बंद होत्या, खारी चालू होती. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळच येत राहिला, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्यातसुद्धा.

गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र बरंच बदललं. स्पेनमध्ये हृदयाचा धोका असलेल्या ५५ ते ८० वयाच्या सात हजारांवर लोकांचे तीन गट केले, दोन गटांना तेल तोडायला न सांगता ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदाम वाढवायला सांगितलं, तिसऱ्याला तेल-तूप कमी करायला, २०१३ ला निकाल आला की पहिल्या दोन गटांत हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयरोगानं मृत्यू मिळून तिसऱ्यापेक्षा साधारण ३० टक्के कमी. लोकांना गटांत वाटण्यात चुका सापडल्या म्हणून तो पेपर मागं घ्यावा लागला आणि २०१८ ला दुरुस्त करून परत छापला, आकडा जवळपास तोच राहिला. त्यात शेंगदाणे नव्हते, म्हणून तो निकाल जसाच्या तसा चटणीला चिकटवता येत नाही, पण "दाणे म्हणजे धोका" हे तरी त्यानं मोडलं.

मग २०२१ ला चीनच्या ६०० खेड्यांतला मिठाचा अभ्यास. आधी लकवा झालेले, किंवा साठीपुढचे आणि बीपी वाढलेले, असे जवळपास २१ हजार लोक. निम्म्या गावांना पोटॅशियम मिसळलेलं मीठ दिलं, स्वयंपाक तोच ठेवला, लकवा १४ टक्क्यांनी कमी झाला. माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात कामाचा अभ्यास हाच, कारण इथं कुणाला काही बंद करायला लागलं नाही. किडनी अधू असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर मात्र हे मीठ डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, पोटॅशियम रक्तात साठतं.

चटणीचा खरा प्रश्न पण मिठाचाच आहे. दिवसाचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात भाकरीच्या पिठातलं, आमटीतलं, लोणचं-पापडातलं सगळं आलं. वय वाढलं की जिभेला खारट कमी कळतं, म्हणून आज्जी वरून अजून घेते. घरी कुटताना लसूण, जिरं आणि तिखट नेहमीचंच ठेवून मीठ आधी पाऊण आणि पंधरा दिवसांनी निम्मं केलं तर जीभ सावकाश सरावते, मात्र हे खलबत्त्यापाशी बसणाऱ्या सुनेला किंवा आज्जीलाच सांगावं लागतं, आणि दवाखान्यात अण्णांसोबत आत जातो तो मुलगा.