कॉर्नफ्लॉवर गार पाण्यातच का कालवायचं?

उकळत्या सूपमध्ये चमचाभर कोरडं कॉर्नफ्लॉवर टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. त्यातली एक फोडून बघा: बाहेर चिकट, पारदर्शक साल आणि आत कोरडं पीठ. गरम पाणी लागताच बाहेरचे कण फुगतात आणि आत पाणी शिरायला वाटच उरत नाही.

कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचं स्टार्च. गार पाण्यात ते विरघळत नाही, नुसतं सुटं होतं. वाटी थोडा वेळ तशीच ठेवली तर ते तळाशी घट्ट बसतं, म्हणून ओतण्याआधी पुन्हा ढवळावं लागतं. मक्याच्या स्टार्चचे कण साधारण ५ ते २० मायक्रॉनचे. ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते पाणी शोषून टम्म फुगतात, त्यांच्यातलं अमायलोज (स्टार्चमधल्या लांब, सरळ साखळ्या) थोडं बाहेर झिरपतं, आणि कण एकमेकांना खेटले की पाण्याला सहज वाहता येत नाही. दुधट दिसणारं सूप चकचकीत होऊ लागतं ते याच वेळी. तरी एक उकळी येऊ द्यावी, कच्चट चव जाते. मग मात्र फार घोटू नये. फुगलेले कण फुटतात आणि सूप परत पातळ होतं. आम्लाने स्टार्चच्या साखळ्या तुटतात, त्यामुळे व्हिनेगर शेवटी. चाखलेला चमचा पुन्हा पातेल्यात बुडवू नये, याला स्वच्छतेपलीकडेही कारण आहे: लाळेतलं अमायलेज हे पाचक एन्झाइम स्टार्च पचवायला लागतं.

कढीत बेसन याहून अवघड काम करतं. ताक तापलं की त्यातली केसीन प्रथिनं एकमेकांना चिकटतात, चोथा आणि पाणी वेगळं होतं; कढी फुटते. आधीच ताकात कालवलेल्या बेसनाचं स्टार्च फुगून त्यांच्या मध्ये येतं. कढीला कॉर्नफ्लॉवर लावूनही हे जमेल, पण मग बेसनाची चव कुठून आणणार? अळूच्या पातळ भाजीचंही तेच. पीठ लावल्याशिवाय ती मिळून येत नाही, आणि बेसनाशिवाय ती अळूची भाजी वाटत नाही.

कॉर्नफ्लॉवरची खरी खोड दुसऱ्या दिवशी कळते. गार झाल्यावर अमायलोजच्या साखळ्या पुन्हा जवळ येतात, मधलं पाणी पिळून निघतं, आणि फ्रीजमधल्या ग्रेव्हीला पाणी सुटतं. मक्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज सुमारे २५ टक्के असतं, टॅपिओकात, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो त्यात, १७ टक्क्यांच्या आसपास. ग्रेव्ही करून ठेवायची असेल तर टॅपिओकाचं स्टार्च घ्यावं. त्याला पाणी कमी सुटतं.