चार फूट म्हणजे नेमके किती? पॉइंटवरच्या लाटेच्या अंदाजामागची गोष्ट

एप्रिल लागला की नागपुरात आकड्यांवरून भांडणं सुरू होतात. सोनेगावचा पारा किती, आपल्या गल्लीतला किती, पेपरात छापून आला तो कोणता. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग सेन्सरच गंडल्याचं निघालं. तेव्हापासून कोणताही आकडा ऐकला की ‘मोजला कुठं बाप्पा?’ हे आपसूक तोंडून निघतं.

आमच्या सात-आठ जणांच्या टोळीत हाच प्रश्न लाटेबद्दल विचारला जातो. समुद्र कोणत्याच बाजूला जवळ नाही अशा शहरात राहून सर्फिंगचा नाद लावून घेतला की अर्धा खेळ अंदाजातच खेळावा लागतो. महाबलीपुरमचा पोरगा पहाटे दार उघडून टोकाकडे, म्हणजे समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या पॉइंटकडे, बघतो आणि ठरवतो. आम्हाला आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता तत्काळची खिडकी उघडायच्या आत ठरवावं लागतं, आणि चुकलो तर सोळा-सतरा तासांचा प्रवास करून गुडघाभर पाण्यात बसून यावं लागतं. दोन वर्षांपूर्वी तसंच झालं. ॲपवर दीड मीटर, म्हणजे जवळजवळ पाच फूट होतं. गेलो. बंधाऱ्यावर उभा असलेला कोळ्याचा पोरगा आमच्या मोबाइलकडे न बघताच म्हणाला, सेकंद किती? म्हणजे एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते. आम्ही ते बघितलेच नव्हते. सात होते.

ते दीड मीटर खोटं नव्हतं. ते दुसऱ्याच गोष्टीचं माप होतं, आणि हा घोळ ऐंशी वर्षं जुना आहे.

किनाऱ्यावरच्या लोकांना समुद्राचा अंदाज आधीपासून होताच. कोकणात आजही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पण ते भरतीचं गणित. हजारो किलोमीटरवरून येणाऱ्या लाटेचं गणित मांडायची गरज कोळ्यांना पडली नाही, ती पडली दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी सैन्याला. १९४२ मध्ये मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर सैनिक उतरवायचे होते, आणि सरावातच दिसलं होतं की फुटणाऱ्या लाटेत सपाट बुडाची होडी आडवी होते आणि भरते. कॅलिफोर्नियातल्या दोन समुद्रशास्त्रज्ञांकडे काम आलं. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला, किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला, एवढ्यावरून लाट सांगायची. ती लाट वादळापासून दूर जाताना किती मंदावते आणि उथळ पाण्यात किती उंचीवर फुटते, हेही. आज आपण फोनवर जे बघतो त्याचा सांगाडा हाच. १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलं तेव्हा ही पद्धत शिकलेले लोक अंदाज द्यायला बसले होते.

पण अडचण निघाली ती साध्याच जागी. खरा समुद्र म्हणजे एकसारख्या लाटांची रांग नव्हे. शंभर लाटा गेल्या तर शंभर उंच्या. मग ‘लाटेची उंची’ म्हणून सांगायचं काय? होडीच्या तांडेलाला विचारलं की तो एकच आकडा सांगायचा. तो सगळ्या लाटांच्या सरासरीपेक्षा बराच मोठा असे. कारण उघड आहे, बारक्या लाटा कोणाच्या लक्षात राहतात? शास्त्रज्ञांनी तांडेलाला खोटं पाडलं नाही. त्याचा आकडा कशाशी जुळतो ते शोधलं, तर तो सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांच्या सरासरीजवळ जात होता. तेच माप ठरलं. आज जगभरच्या प्रत्येक अंदाजात जी उंची छापली जाते ती मुळात तांडेलाच्या नजरेची उंची आहे. मला हा निर्णय फार आवडतो. माणसाच्या नजरेला यंत्राशी जुळवून घ्यायला न सांगता त्यांनी गणितच नजरेशी जुळवलं.

त्याचा परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ही उंची म्हणजे कमाल नव्हे. साधारण दर सातातली एक लाट याच्यापेक्षा मोठी येते, आणि हजारात एखादी जवळजवळ दुप्पट. सातवी लाट मोठी असते हे किनाऱ्यावरचं म्हणणं मोजून पाहिलं तर अगदीच हवेतलं नाही, फक्त ती नेमाने सातवी नसते.

पुढे व्याख्या गुपचूप बदलली. १९५० नंतर समुद्राकडे वेगवेगळ्या लांबीच्या लाटांचं मिश्रण म्हणून बघायला लागले आणि उंची त्या मिश्रणाच्या एकूण ऊर्जेतून काढू लागले. नाव तेच राहिलं, अर्थ सरकला. त्यामुळे आजचा आकडा म्हणजे पाण्यावर एका वेळी जे जे चाललं आहे त्या सगळ्याची गोळाबेरीज. तीही साधी बेरीज नाही, वर्गांची. ९० सेंटिमीटरची दूरची लाट आणि १२० सेंटिमीटरची जवळच्या वाऱ्याने उठवलेली खळबळ एकत्र आली की ॲप म्हणतं दीड मीटर. आमचं दीड मीटर यापैकीच होतं, त्यातही दूरची लाट नावालाच. पॉइंटवर खळबळीचा उपयोग शून्य, उलट ती आलेल्या चांगल्या लाटेचा चेहराही खराब करते.

फुटांचा घोळ याहून वेगळा. तो हवाई बेटांचा.

तिथले जुने सर्फर आणि जीवरक्षक लाटेची उंची समोरून दिसते त्याच्या साधारण निम्मी सांगायचे. समोर बारा फुटांची भिंत असली तरी म्हणायचे सहा. का, याची कारणं जो सांगेल त्याची. कोणी म्हणतं लाट मागून मोजायची पद्धत होती. पण मागे तरंगत मोजपट्टी कोण धरणार? कोणी म्हणतं मोठेपणा न मिरवायची रीत. कोणी तर सरळ म्हणतं की बाहेरच्यांची गर्दी होऊ नये म्हणून. मूळ काहीही असो, १९६८ पासून ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर रोजच्या नोंदी याच मापात होत राहिल्या, आणि नंतर समुद्रात तरंगत लाट मोजणाऱ्या बॉयांच्या (buoy) मोजणीशी ताडल्यावर त्या आश्चर्यकारकरीत्या सुसंगत निघाल्या. निम्मं सांगत होते, पण रोज सारखंच निम्मं.

२००१ च्या सुमारास तिथल्या सरकारी हवामान सेवेने हे माप सोडलं आणि लाटेची पूर्ण समोरची उंची द्यायला सुरुवात केली. कारण होतं सुरक्षिततेचं. पर्यटकाने सहा फूट ऐकलं, सहा फूट समजून पाण्यात गेला आणि समोर बारा फुटांची भिंत आली, तर जबाबदार कोण? हा युक्तिवाद खोडता येत नाही. जुन्यांचा राग मात्र मोजमापावर नव्हता. त्यांचं म्हणणं असं की आकडा ज्यांच्यासाठी होता त्यांना तो कळत होता, आणि ज्यांना कळत नव्हता त्यांनी मुळात तिथे उतरायलाच नको होतं. यात थोडी मगरुरी आहे हे मान्य. पण एका झटक्यात माप बदललं की आजोबांच्या आठवणीतली मोठी लाट नातवाच्या नेहमीच्या लाटेएवढी होते, हेही खरं. आजही तिथल्या पाण्यात दोन्ही मापं चालतात आणि कोण कुठलं बोलतो आहे हे माणूस बघून ओळखावं लागतं. आपल्याकडे पोचतात ते त्या गोंधळाचे फूट. आमच्या टोळीतला एक व्हिडिओ बघून शिकलेला, तो निम्मे सांगतो. दुसरा बालीत शिकला, तो पूर्ण. दोघं एकाच लाटेबद्दल भांडतात आणि दोघंही बरोबर असतात.

उंचीने इतकी जागा खाल्ली की खरं कळीचं माप मागे पडलं: सेकंद. १९६३ मध्ये प्रशांत महासागरात न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत सहा ठिकाणी यंत्रं ठेवून दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटांचा पाठलाग केला गेला, आणि त्या दहा हजारांहून जास्त किलोमीटर टिकून राहतात हे सिद्ध झालं. लांब कालावधीच्या लाटा पुढे धावतात, आखूड मागे राहतात. पंधरा सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी ४२ किलोमीटरने, म्हणजे दिवसाला हजारेक किलोमीटर जातो. नागपूर-चेन्नई गाडी त्यापेक्षा वेगाने जाते, त्यामुळे लाट निघाल्यावरही आपण निवांत पोचू शकतो. फक्त तिकीट पाहिजे. वादळ ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्येला असेल तर तमिळनाडूपर्यंत सहा हजारांवर किलोमीटर, म्हणजे सहा दिवस. आरक्षणाची वेटिंग लिस्ट क्लिअर व्हायला याहून जास्त लागतात.

पॉइंटवर हे सेकंद दुप्पट कामाचे. पंधरा सेकंदांची लाट साडेतीनशे मीटर लांब, तिला पावणेदोनशे मीटर खोलीवरच तळ लागायला सुरुवात होते, म्हणून ती लवकर वळते आणि टोकाला वेढा घालून आत येते. आठ सेकंदांची लाट शंभर मीटरची. तिला पन्नास मीटरपर्यंत काही कळतच नाही, ती टोकाकडे न बघता पुढे निघून जाते. साध्या किनाऱ्यावरसुद्धा ९० सेंटिमीटरची लाट सात सेकंदांची असेल तर सव्वा मीटर उंच होऊन फुटते, सोळाची असेल तर पावणेदोन. टोकाचा वेढा आणखी वेगळा.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पैसे घेऊन फोनवर अंदाज ऐकवायची सेवा निघाली, नव्वदीत सरकारी संगणकीय मॉडेलं फुकट खुली झाली आणि त्यांच्यावर संकेतस्थळं उभी राहिली. आपल्यासारख्यांना सगळ्यात सोयीचं होतं ते एक ब्रिटिश संकेतस्थळ, ज्यात लाटेला तारे मिळत. भरीव तारा म्हणजे चांगलं, फिकट तारा म्हणजे लाट आहे पण वाऱ्याने वाट लावली. २०२३ मध्ये ते एका मोठ्या अमेरिकी कंपनीत विरलं. नव्या ॲपमध्ये रंग आहेत, पण तो फिकट तारा जे एका नजरेत सांगायचा त्यासाठी आता तीन ठिकाणी बोट फिरवावं लागतं.

भारतात हा सगळा प्रवास त्सुनामीनंतरच्या वीस वर्षांत कोंबला गेला. हैदराबादहून मिळणारा सरकारी समुद्र-अंदाज मुळात मच्छीमारांसाठी. त्यात अधूनमधून एक इशारा येतो: आकाश निरभ्र, वारा नाही, तरी समुद्र किनाऱ्यावर चढेल. केरळात याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरटा समुद्र. २०१२ मध्ये हा शब्द आंतरराष्ट्रीय पातळीवर शास्त्रीय संज्ञा म्हणून मान्य झाला. त्या इशाऱ्यात उंची बऱ्याचदा मीटरभरच असते, पण सेकंद सोळा-अठरा. ज्या बातमीने तिकडे होड्या वर ओढल्या जातात तीच बातमी इकडे आमच्या ग्रुपवर बदाम घेऊन फिरते. जरा ओशाळं वाटतं, पण फिरते.

एवढं करूनही महाबलीपुरमला फसगत होते ती श्रीलंकेमुळे. मंदिराजवळच्या त्या टोकावर लाट दक्षिणेकडून येऊन उत्तरेकडे, सर्फरच्या उजव्या हाताला, सोलत जाते. पण थेट दक्षिणेला अख्खं बेट आडवं पडलं आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर बेटाची पूर्व कड होकायंत्राच्या साधारण १६३ अंशांवर येते (थेट दक्षिण म्हणजे १८०). १५५ ते १६० अंशांवरून आलेली लाट मोकळी येते. १८०, १९० वरून आलेली बेटाला वळसा घालताना अंगातला बराच जोर घालवून बसते. आणि दक्षिण महासागराच्या बऱ्याच लाटा नेमक्या त्याच बाजूने येतात. ॲपमधलं मॉडेल समुद्राचे चौकोन पाडून हिशेब करतं, ते चौकोन मोठे असले की बेटाची ही सावली नीट उतरत नाही. पाच अंशांचा फरक आकड्यात दिसत नाही, पाण्यात दिसतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आशियाई सर्फिंग अजिंक्यपद स्पर्धा तिथे झाली आणि अचानक आमच्याकडे ‘आज किती फूट?’ विचारणारे वाढले. टोळीने फूट बंद केले आहेत. ग्रुपवर आधी अंश, मग सेकंद, मग मीटर, आणि मीटरसुद्धा दूरच्या लाटेचं वेगळं. वाऱ्याचं लिहायची गरज पडत नाही. मे ते सप्टेंबर सकाळी मतलई, दुपारी खारे, हे सातवीतलं गणित तिथे अजून चालतं. परत आल्यावर मात्र सगळे अंगाच्या मापात बोलतात. कमरेएवढी, छातीएवढी, डोक्यावरून. बर्डीवर तर्री-पोहे खाताना हे ऐकून काटोलकडचे एक काका म्हणाले, आमच्याकडे विहीर अशीच सांगतात, दोन परस, तीन परस. परस म्हणजे हात वर केलेला पुरुष. मग आमच्यातल्या सगळ्यात बुटक्याने विचारलं, परस कोणाचा धरायचा?